बडग्याच्या बुडाखालची चुंबळ

अन्याय झाला तो माझ्या वडिलांवर. सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, पोळ्याचा दुसरा दिवस, सकाळचे साडेअकरा. मारबतीच्या मिरवणुकीतला आमच्या गल्लीचा बडग्या, म्हणजे मिरवून जाळायचा पुतळा, आमच्याच घरासमोर येऊन थांबला, तेव्हा ते हातात पाण्याचा लोटा घेऊन दारात उभे होते.

पत्रक कसं लिहायचं हे मला आमच्या पोरांच्या चळवळ्या गटात ज्यांनी शिकवलं, त्यांचा नियम सोपा होता. पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला आणि कधी. दुसऱ्या ओळीत कुणी केला. शेवटी वाचणाऱ्यानं काय करायचं. मध्ये रडारड नको. रेशनच्या तांदळावर, बंद पडलेल्या नळावर, शाळेच्या गळक्या छपरावर मी अशी पत्रकं ढिगानं लिहिली. या एका प्रकरणात मात्र दुसरी ओळ पाच वर्षं झाली तरी लिहून होत नाही. तीनदा लिहिली, तीनदा आरोपी बदलला. म्हणून आता पत्रकाचा नाद सोडून, जसं आठवतं तसं लिहितो.

वडील विणकर. इतवारीच्या मागे आमची गल्ली, आणि गल्लीत घरोघरी खड्ड्याचे हातमाग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, पाय पावड्यांवर, म्हणजे दाबायच्या पट्ट्यांवर, आणि बूड काठावरच्या फळीवर. सकाळी बसलेला माणूस जेवायलाच उठायचा. उजेड हवा म्हणून मागाच्या खोलीचं दार रस्त्याकडं सताड उघडं. येणाऱ्याजाणाऱ्याला विणणारा दिसायचा आणि विणणाऱ्याला रस्ता.

वडिलांचं उठणं वाढलं. धोटा दहा-वीस वेळा इकडून तिकडं गेला की उठायचे, मागच्या मोरीत जायचे, तिथं बराच वेळ लागायचा. परत येऊन बसताना तोंड वाकडं करायचे. मी बावीस वर्षांचा होतो आणि मला जगातलं सगळं कळत होतं. मी त्यांना एकदा म्हणालोसुद्धा, "बाबा, कष्टकऱ्यानं कामचुकारपणा केला तर मालकाला बोलायची सोय राहत नाही." त्यांनी धोटा पुन्हा चालवला. मला वाटलं, पटलं.

समोरचे एक काका होते, तेही विणकर. ते खोलीतूनच ओरडायचे, "काय गा, तुमचा नळ तं दिवसभर सुरू राहते! आमच्याकडं सकाळी घंटाभर येते अन् जाते!"

गल्ली हसायची. वडीलही हसायचे.

मग आईची चुंबळ हरवली. हंडा डोक्यावर ठेवताना खाली घ्यायची ती कापडाची गोल कडी, जुन्या हिरव्या लुगड्याची, घट्ट पिळून शिवलेली. आई शेजारणीला विचारत होती, "माही चुंबळ तुह्याकडं आली का वं?" शेजारणीला वाटलं, आपल्यावर चोरीचा आळ. दोन दिवस दोघी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी खोलीत काहीतरी आणायला गेलो तर चुंबळ वडिलांच्या बुडाखाली. कडीच्या काठावर बसायचं आणि मधली जागा अधांतरी ठेवायची, अशी योजना. म्हणजे तिथं दुखत होतं. फळीचा स्पर्शही नको इतकं दुखत होतं.

मी पाहिलं. विचारलं नाही. आईनंही पाहिलं. तिनं त्याच लुगड्याच्या उरलेल्या तुकड्यातून स्वतःसाठी दुसरी चुंबळ शिवली आणि शेजारणीकडं जाऊन माफी मागून आली. कारण सांगितलं नाही. दार उघडं असल्यानं गल्लीतल्या सगळ्यांनीच ती हिरवी चुंबळ पाहिली, आणि कुणीच कुणाला काही विचारलं नाही.

आषाढात घरात पळसाची वाळलेली फुलं आली. मडकंभर. आई म्हणाली, "होळीले किती महिने आहे अजून! आत्तापासून रंग काहून आणला?"

"राहू दे," वडील म्हणाले.

सकाळी आई नळावर गेली की ते मागचं दार लावून घ्यायचे. आतून होळीच्या रंगाचा वास यायचा. काही दिवसांनी आई धोतर धूत होती आणि स्वतःशीच बोलत होती, "हे काय होऊन राहिलं गा देवा, याचं बूड केशरी कसं झालं!" मला हसू आलं होतं. हे लिहिणं भाग आहे, म्हणून लिहिलं.

एका दुपारी ते सदरा घालून निघाले तेव्हा मी मागे गेलो. ते सीताबर्डीला गेले. टेकडीच्या पायथ्याशी तेव्हा औषधवाल्यांची रांग बसायची. तंबू, पैलवानांचे फोटो, काचेच्या बरण्यांत काय काय बुडवून ठेवलेलं, आणि भोंग्यावर हिंदीत एकच रेकॉर्ड: भाइयों, शरमाना छोड़ो. कुठंही दुखलं, कुठंही जळजळलं की त्यांच्या लेखी ते एकच, जवानीतल्या चुकांचं फळ. त्यांच्याविरुद्ध आमच्या गटाचं पत्रक आधीच ठरलं होतं. मी तपशील गोळा करत होतो. आणि माझेच वडील त्या रांगेत!

ते तंबूंपाशी थांबले नाहीत. अगदी शेवटी एक म्हातारा पोत्यावर मुळ्या, साली, काटेरी गोखरू मांडून बसला होता. भोंगा नाही, फोटो नाही. वडिलांना उकिडवं बसता येईना, तर म्हाताराच गुडघ्यावर हात टेकत उठून उभा राहिला. दोघं बोलले. वडील कुणाशी इतका वेळ बोलताना मी जन्मात पाहिले नव्हते. म्हाताऱ्यानं स्वतःच्या ओटीपोटाखाली हात ठेवून काहीतरी दाखवलं. वडिलांनी मान हलवली, हातानं काहीतरी खुणावलं, पुन्हा बोलायला लागले.

मी रस्त्याच्या पलीकडं होतो. एक शब्द ऐकू येत नव्हता. तरी मला सगळं समजलं असं वाटलं. पत्रक छापणाऱ्याचा बाप फसतो, याचा संताप डोक्यात गेला आणि मी तिथूनच परत फिरलो. घरी जाऊन पत्रक पूर्ण केलं. त्यात तंबूवाले आणि पोतंवाला एकाच वाक्यात बसवले.

पोळा जवळ आला. मारबत म्हणजे गावाची रोगराई आणि पीडा ओढून वेशीबाहेर नेणारी बाई, तीही पुतळाच. तिच्याबरोबर गल्लोगल्लीचे बडगे निघतात. ज्याच्यावर लोकांचा राग, त्याचा पुतळा. मिरवायचा, शिव्या द्यायच्या, शेवटी जाळायचा. आमच्या गटाची बैठक बसली.

"औंदा कोणाचा बडग्या?"

"रेशनवाल्याचा."

"मागच्या वर्षी त्याचाच केला ना बे. तो येऊन फोटो काढून गेला!"

मी म्हणालो, जडीबुटीवाल्याचा. सगळ्यांना पटलं. बांबूचा सांगाडा, तणसाचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं पोट, सुतळीची दाढी. एक मित्र म्हणाला, "नुसता वैदू दाखवून काय होते? त्याच्या जाळ्यातला गिऱ्हाईक पाहिजे, तं पब्लिकले समजते." मग पायाशी एक छोटा पुतळा बसवला, दोन्ही हात मांडीत खुपसलेला. तरी पाहिजे ती मजा येईना. तपशील कमी पडत होता. तपशील खरा असला की लोक थांबून वाचतात, हे मला शिकवलेलं. मी घरी गेलो. आईच्या बोचक्यात त्याच लुगड्याची एक हिरवी पट्टी अजून होती. ती आणली, पिळली, गोल केली आणि त्या पुतळ्याच्या बुडाखाली बांधली. सगळे खिदळले. "हे भारी केलं गा!"

ती बांधताना माझ्या मनात वडील होते का? शपथेवर विचाराल तर मला सांगता येत नाही. होते म्हटलं तर मी राक्षस. नव्हते म्हटलं तर मग ती पट्टी आणायला मी घरीच का गेलो?

मिरवणूक आली. ढोल, गुलाल, घोषणा. खासी-खोकला घेऊन जा गे मारबत! महागाई घेऊन जा गे मारबत! मी पाटीची काठी धरून पुढं. बडग्या आमच्या दारासमोर आला आणि समोरच्या काकांची नजर खाली गेली.

"अरे! ही तं आपल्याच गल्लीतली चुंबळ आहे!"

हसण्याची एक लाट आली. मग काकांनी दोन्ही हात वर करून आवाज दिला, "चुंबळवाल्याचं दुखणं घेऊन जा गे मारबत!" अख्ख्या गल्लीनं तो उचलला. तीनदा. बायकांनीही.

वडिलांनी पुतळा पाहिला. हिरवी पट्टी पाहिली. मग काठी पाहिली, आणि काठीच्या टोकाला मी. लोट्यातलं पाणी त्यांनी उंबऱ्याबाहेर ओतून दिलं आणि आत गेले.

काकांना मी नंतर जाब विचारला. ते खरोखर गोंधळले. "पोट्या, मी तं चांगलंच मागितलं ना! दुखणं घेऊन जा म्हणलं. मारबतीले आणखी काय मागतेत?" ते हसत होते हे खरं. मागणं चांगलं होतं हेही खरं.

बडग्या जाळून घरी आलो तेव्हा वडील मागावर होते. फळीवर थेट बसलेले, पाठ ताठ. चुंबळ आईच्या खुंटीला टांगलेली. त्या दिवसापासून मागचं दार लावणं बंद झालं. मडक्यातल्या फुलांना बुरशी आली. पुढच्या आठवड्यात आम्ही सीताबर्डीला पत्रकं वाटली. औषधवाल्यांनी गाशा गुंडाळला. दोन दिवसांनी तंबूवाले भोंग्यासकट परत आले. पोतंवाला आला नाही.

वडिलांचं उठणं कमी झालं. मला बरं वाटलं. मग आईनं मला मोरीपाशी गाठलं. "त्यानं पाणी पिणं सोडलं. उठा लागू नये म्हणून. ओठ पाह्य त्याचे. तुले लिहिता येते ना? मंग लिहून दे मले, याले काय होऊन राहिलं ते."

मला लिहून देता येत नव्हतं. सगळं प्रकरण मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं होतं.

तो म्हातारा कन्हानच्या आठवडी बाजारात बसतो असं कळलं. गेलो. तेच पोतं. खिशात पत्रक होतं, ते पुढं केलं. त्याला वाचता येत नव्हतं. म्हणाला, "वाचून दाखव बापू." मी माझंच पत्रक त्याला वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या मागणीपर्यंत. त्यानं डोळे मिटून ऐकलं.

"चांगलं लिहिलं. त्या भोंगेवाल्यायले हाणलंच पाहिजे."

"यात तुम्हीपण आहात."

"मी? कुठं?"

मी बोट ठेवलं. त्यानं त्या ओळीकडं पाहिलं, जणू तिथं खरंच तो दिसेल. मग मी सांगितलं, चुंबळवाल्यांचा मुलगा.

"अरे, मागवाला! चुंबळ मीच सांगतली होती त्याले." तो खूश झाला. "कसा आहे? पाण्यात बसते का?"

मग पहिल्या भेटीपासून तो वडिलांना काय सांगत आला ते त्यानं सांगितलं; त्या दिवशी मी रस्ता ओलांडला असता तर हे तेव्हाच विचारता आलं असतं. पळसाची फुलं उकळायची, पाणी कोमट झालं की घमेल्यात घेऊन त्यात बूड बुडवून बसायचं. गोखरूचा काढा सकाळी. तिखट कमी. घंट्याघंट्यानं मागावरून उठून दोन फेऱ्या मारायच्या. "अन् एक सांगून ठेवलं होतं. लघवी तुंबली, रक्त दिसलं, हुडहुडी भरून ताप आला, तं माह्याकडं यायचं नाही. सरळ डाक्टरकडं."

"यानं बरं होतं?"

"बरं होते असं कोण म्हणलं? उतरते. कोणाले उतरते, कोणाले नाही. तुह्या बापाले झोप लागाले लागली होती, असं तोच म्हणे."

मला वाटलं, सापडला. इतका सरळ माणूस, आणि आपण त्याला जाळला! मनात नवं पत्रक सुरूही झालं. तेवढ्यात त्यानं पोत्याखालून काळा दोरा काढला, त्याला मुळीचा तुकडा बांधलेला. "हे त्याच्या कमरेले बांध. अमावस्येलेच बांधजो, नाही तं लागू पडत नाही."

माझं नवं पत्रक तिथंच मेलं. फुलं घेतली, गोखरू घेतला. दोराही घेतला. का घेतला ते विचारू नका.

आमच्या गटाच्या ओळखीचे एक डॉक्टर होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, ती सुजली असेल, किंवा बसून बसून तिथले स्नायू आखडले असतील. तपासल्याशिवाय बोलणार नाही. कोमट पाण्यानं आराम पडला असेल, शक्य आहे. मग तो पळसाचा की पाण्याचा? माहीत नाही. गोखरूचं? माहीत नाही. दोऱ्याला ते हसले. "घेऊन या त्यांना."

घरी येऊन वडिलांना म्हणालो, दवाखान्यात चला. ते धोटा हातात धरून बसले.

"मी गेलो होतो एकदा. चुंबळीच्या आधी. मोठ्या दवाखान्यात. डाक्टरच्या भोवती शिकणारे पोट्टे उभे. त्यांच्यासमोर मले इचारलं, बाहेर कोणती बाई ठेवली म्हणून." त्यांनी धोटा फळीवर ठेवला. "पोट्टे हासले. गोळ्या लिहून देल्या, मी रस्त्यात फेकल्या. मंग त्या म्हाताऱ्याकडं गेलो. तो नाही हासला. मंग तुमी सगळे हासले."

आता सांगा, दुसऱ्या ओळीत कुणाला लिहू? डॉक्टरला? काकांना? त्यांना तर मी हसण्याजोगं काहीतरी बनवूनच दिलं होतं.

मी पत्रक लिहिलं नाही. मागच्या बाजूला चूल पेटवली, फुलं उकळली, कोपरानं पाणी बघितलं, घमेलं मोरीजवळ ठेवलं. पुढचं दार लावलं, मागचं दार लावलं आणि मागच्या पायरीवर बसलो. आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, ते तसेच उभे आहेत.

"गार झालं," आतून आवाज आला. "अजून आण."

मी तापलेलं पाणी दाराच्या फटीतून दिलं. ओतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तू जाय तिकडं." मी गेलो नाही. ते त्यांना कळलं असावं.

"त्या तुह्या पत्रकात माह्यं नाव होतं का?"

"नाही बाबा. नाव कसं टाकीन?"

"टाकायचं होतं. नाव टाकायचं असतं, तं इचाराले तरी आला असता."

मी चुलीत आणखी एक लाकूड सरकवलं. पाण्याचा हलका आवाज येत होता.

पंधरा दिवसांनी ते डॉक्टरकडं आले. अट होती: दार बंद, आत एकच माणूस, मीसुद्धा नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वरचेवर तपासणी सांगितली, पाण्यात बसणं चालू ठेवा म्हणाले. वडील पाणी प्यायला लागले. चुंबळ खुंटीवरून खाली आली. मागाच्या खोलीचं दार मात्र ते आता अर्धंच उघडतात, उजेड कमी पडला तरी. दुखणं गेलेलं नाही. काही दिवस असतं, काही दिवस नसतं. गोळ्यांनी, फुलांनी, नुसत्या गरम पाण्यानं, की दार लावून कुणी बाहेर बसलं म्हणून, मला खरंच कळत नाही. एकदा वडील धोतर वाळत घालत असताना आईनं मला दाखवलं, त्यांच्या करदोड्याला काळा दोरा आहे. माझ्या खिशातून कधी काढला, देव जाणे. अंधश्रद्धेवर चार पत्रकं लिहिलेला मी, धोतराचं दुसरं टोक धरायला गेलो.

आता शेवटची ओळ. ती मला लिहिता येते.

तुमच्या घरात एखादा पुरुष बसताना तोंड वाकडं करत असेल, वारंवार उठत असेल, बुडाखाली उशी, गोधडी, काहीही घेत असेल, तर त्याच्या नळाचे विनोद आजपासून बंद करा. त्याच्याजवळ जा. दार लावा. कुठं दुखतं, कधीपासून, ते त्याला विचारा. तो म्हणेल, काही नाही. उठू नका. पुन्हा विचारा.